वीटभट्टीवरच्या टाकेबाई

टाकेबाईंच्या रागाला यायची घाई आणि जायचा कंटाळा, असं त्यांची नणंद म्हणायची. ते काही खोटं नव्हतं. एका वाण्याने काट्यात मारलेलं पावशेर बाईंनी त्याला अकरा वर्षांनी, भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर ऐकवलं होतं. वाणी बिचारा म्हणाला, "बाई, तेव्हा दुकानात वडील बसायचे." बाई म्हणाल्या, "मग घरी गेलात की त्यांना सांगा."

टाकेबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात चादरी, अभ्रे आणि ऑपरेशनचे हिरवे गाऊन दुरुस्त करायची खोली होती. तिथे त्यांनी चोवीस वर्षं मशीन चालवलं. वरच्या मजल्यावर डॉक्टर माणसांना टाके घालायचे, तळघरात या कपड्यांना घालायच्या. कुणीतरी गमतीने टाकेबाई म्हटलं आणि ते चिकटलं. बाईंची काही तक्रार नव्हती. "डॉक्टरांचे टाके आठ दिवसांत निघतात. माझा एक कोणी काढून दाखवा," असं त्या वर ऐकवायच्या.

एका सोमवारी सकाळी नवा व्यवस्थापक तळघरात उतरला. त्या खोलीत तो पहिल्यांदाच येत होता, आणि बोलण्यावरून शेवटचाच. त्याने सांगितलं की आता कपडे बाहेरचा ठेकेदार पुरवणार, फाटलं की फेकायचं, शिवत बसायचं नाही. किल्ली जेवणाच्या सुट्टीआधी जमा करा.

"चोवीस वर्षं झाली," बाई म्हणाल्या.

"हो ना. त्याबद्दल संस्था आभारी आहे," तो म्हणाला आणि घड्याळाकडे बघितलं.

बाईंनी किल्ली दिली, पण आपलं मशीन मागितलं. पायाने चालवायचं जुनं मशीन. त्याच्या पायडलवर बाईंच्या पावलाएवढा खळगा झिजून पडला होता. भांडारवाला म्हणाला, नियमात बसत नाही, ते भंगारात जाईल. ठीक आहे, म्हणाल्या बाई. दीड महिन्याने भंगाराची गाडी लागली, त्या दिवशी सकाळपासून फाटकाशी उभ्या राहिल्या आणि स्वतःचं मशीन किलोच्या भावाने विकत घेऊन हातगाडीवर घालून घरी आणलं. नणंदेने दार उघडलं, मशीन बघितलं, वहिनीचं तोंड बघितलं, आणि चहाचं आधण ठेवलं.

घरात या दोघीच. बाईंचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. नणंदेला नवऱ्याने टाकलं होतं, किंवा तिच्या भाषेत, "मीच त्याला रस्त्याला लावलं." ती एका वसतिगृहाच्या मेसमध्ये शंभर पोरींचा स्वयंपाक करायची. गुडघे गेल्यावर तेही सुटलं. बाई तिला "वन्सं" म्हणायच्या, अहोजाहो करायच्या. ती मात्र त्यांना "ए वहिनी" करायची. भाड्याच्या दोन खोल्या होत्या आणि घरमालकाला त्या रिकाम्या हव्या होत्या.

"गावाबाहेर जाऊ या का?" एक दिवस नणंदच म्हणाली. "थोडी जमीन, चार कोंबड्या, भाजी. आपल्या दोघींना लागतं किती?"

"आपल्याला त्यातलं काय येतं, वन्सं?"

"मला शिजवता येतं, तुला शिवता येतं. मधलं तेवढं शिकायचं राहिलं."

हॉस्पिटलकडून मिळालेली तुटपुंजी रक्कम घेऊन दोघी जमिनी बघत फिरल्या. बरी जमीन बघितली की भाव ऐकून परत फिरायचं, आणि भाव परवडला की जमीन बघून. शेवटी एका बंद पडलेल्या वीटभट्टीची जागा सापडली. अर्ध्या एकराच्या आतबाहेर. मुकादमाची एक पत्र्याची खोली, अर्धं पडलेलं धुराडं, माती काढून काढून झालेला एक मोठा खड्डा, आणि जिकडे बघावं तिकडे लाल. जमीन लाल, धूळ लाल, झुडपांची पानंसुद्धा लाल. ठिकठिकाणी खंगरांचे ढीग. जास्त भाजून, वितळून एकमेकींना चिकटलेल्या विटा म्हणजे खंगर. त्या कुठल्याच भिंतीत बसत नाहीत, म्हणून भट्टीवाले टाकून देतात.

भट्टीचा म्हातारा मालक सरळ बोलला. "बाई, खोटं सांगणार नाही. चाळीस वर्षं इथे जाळ केला मी. इथे काही उगवत नाही. खड्ड्यात पाणी मात्र आठ महिने असतं."

बाईंनी तिथेच ठरवलं. नणंदेने वाटेत विचारलं, "अगं, काही उगवत नाही म्हणाला ना तो?"

"म्हणाला. गेल्या दोन महिन्यांत खरं बोलणारा हा पहिला माणूस भेटला. सोडायचा कसा?"

शेतीखात्याच्या ऑफिसात बाई तिथली मूठभर माती कागदात बांधून घेऊन गेल्या. टेबलामागच्या साहेबांनी पुडी उघडली, चिमूट चोळून बघितली आणि हसले. "ही माती कुठली? ही भाजलेली वीट आहे. इथे गवत जरी उगवलं ना, तरी मला कळवा."

कळवते, म्हणाल्या बाई.

पहिलं वर्ष कसं गेलं ते दोघी सांगत, पण एकमेकींकडे न बघता. हौसेने लिंबू, पेरू, पपईची अठरा रोपं आणली. पहारीने खड्डे खणताना हाताला फोड आले, फोड फुटले, त्यावर पुन्हा आले. महिन्याभरात सगळी रोपं पिवळी पडून उभ्या उभ्या वाळली, कारण जमिनीत राख मुरलेली. घेवडा लावला तर कुंपणाआधी लावला, म्हणून शेळ्यांनी खाल्ला. पोल्ट्रीवाले अंड्यावरून उतरलेल्या कोंबड्या स्वस्तात काढतात, तशा नऊ आणल्या. चार मुंगसाने नेल्या, कारण खुराड्याच्या दाराला खालून चार बोटं फट राहिली होती. मुंगसाला चार बोटं म्हणजे राजरस्ता. वर्षाअखेरीस पीक हाती आलं ते दोन भोपळे, आणि त्यातला एक आतून किडका.

पोट भरलं ते वेगळ्याच कामावर. बाई मशीनवर ट्रकवाल्यांच्या ताडपत्र्या शिवायच्या, शेजारच्या गोठेवाल्याची पेंडीची पोती शिवायच्या. नणंद दुखऱ्या गुडघ्यांनी गावात तीन घरी स्वयंपाकाला जायची.

पोती शिवता शिवताच बाईंच्या डोक्यात आलं. जमिनीत काही लागत नाही ना, मग जमिनीवर लावू. त्यांनी फाटकी पोती उसवून, जोडून, पुरुषभर लांबीच्या, मांडीएवढ्या जाड पिशव्या शिवल्या. खाली खंगरांचा थर, म्हणजे पाणी निचरतं आणि राख वर चढत नाही. वर ही पिशवी. आत तळ्याचा गाळ, गोठ्यातलं शेण, मंडईतला सडका पाला, लाकूड गिरणीचा भुसा. गाळ ट्रकवाले आणून टाकायचे, ताडपत्रीच्या शिलाईच्या बदल्यात. शेण गोठेवाला द्यायचा, पोत्यांच्या बदल्यात. पिशवीला वरून चिरा देऊन त्यात रोपं लावायची. लाल जमिनीवर अशा पंधरा-वीस पिशव्या पसरल्या, तेव्हा नणंदेने कमरेवर हात ठेवून बघितलं आणि म्हणाली, "वहिनी, अजगर पाळलेस की गं!" तेव्हापासून त्यांचं नाव अजगर.

अजगरांच्या अंगावर पालक आला, टोमॅटो आले, घेवडा आला. उरलेल्या पाच कोंबड्यांनी पिसं टाकली, महिनाभर भिकाऱ्यासारख्या हिंडल्या, मग नवी पिसं फुटली आणि अंडी घालायला लागल्या. हंगाम संपला की बाई अजगर बाजूला सरकवायच्या. तो जिथे पडून असायचा तिथे खाली ओल राहायची, गांडुळं यायची, आणि तेवढ्या पट्ट्यात जमीन मऊ व्हायची. एका पट्ट्यात एक दिवस हिरवं दिसलं. बाईंनी ते मुळासकट उपटलं, पिशवीत घातलं, एसटी पकडली आणि शेतीखात्याच्या साहेबांच्या टेबलावर, फायलींच्या बरोबर मधोमध ठेवलं.

"हे काय?"

"गवत. कळवा म्हणाला होतात."

साहेबांना काही आठवत नव्हतं. बाईंना सगळं आठवत होतं.

तिसऱ्या वर्षी शहरातल्या लोकांसाठी शेतीची शिबिरं भरवणारे एक सर आले. गोठेवाल्याकडून ऐकलं म्हणाले. इस्त्रीचा शर्ट, रुंद टोपी, आणि भट्टीच्या धुळीत चार पावलं टाकली की रुमालाने बूट पुसायची सवय. बोलायला लोण्यासारखे मऊ. बाईंच्याच वयाचे असतील, पण पहिल्या वाक्यापासून "मावशी". ते म्हणाले, शहरातली माणसं कंटाळलीत, त्यांना खेड्यात येऊन थोडक्यात भागवून राहायचंय, तुमच्यासारख्यांचं त्यांना कळायला हवं. मोबाइलवर चित्रण करतो, चालेल ना?

बाईंना आनंदच झाला. इतक्या वर्षांत त्यांना कोणी "तुम्ही हे कसं केलंत" असं विचारलंच नव्हतं. चार दिवस सर येत राहिले. बाईंनी अजगर शिवून दाखवला, भरून दाखवला, खुराड्याचं दार, खड्ड्याच्या काठाची पायवाट, सगळं दाखवलं. शिवाय काय काय फसलं तेही सांगितलं, अठरा रोपांपासून किडक्या भोपळ्यापर्यंत. ते सांगताना सर मोबाइल खाली ठेवतात, हे नणंदेने बघितलं होतं. तिने तसं बोलूनही दाखवलं. बाई म्हणाल्या, "हात दुखत असेल त्यांचा."

मग सर गेले ते गेलेच.

पाचेक महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, कच्च्या रस्त्याने हिंदकळत एक बस आली आणि फाटकाशी थांबली. नणंद पायरीवर बसून घेवड्याचं बी निवडत होती. बाई खड्ड्यातून दोन बादल्या भरून वर चढत होत्या. बसमधून पंचवीसएक माणसं उतरली. सगळ्यांच्या गळ्यात एकसारखी ओळखपत्रं, हातात एकसारखी पुस्तिका. पुढे टोपीवाले सर. फाटक त्यांनी आपल्या घरचं असल्यासारखं उघडलं.

बाईंना आधी वाटलं, बरं झालं, लोकांना घेऊन आले. बादल्या सावरत त्या चार पावलं पुढे झाल्या आणि सरांचा आवाज कानावर पडला.

"मित्रहो, ही माझी प्रयोगभूमी. तीन वर्षांपूर्वी मी इथे आलो तेव्हा लोक मला वेडा म्हणाले. आणि हे समोर पसरलेले दिसतात ना, तेच ते आपल्या पुस्तिकेतले सर्पवाफे. ही मी विकसित केलेली पद्धत."

कुणीतरी विचारलं, "आणि इथे राहतं कोण?"

"या दोघी राखण करतात," सर नणंदेकडे हात करून म्हणाले. "गावातल्याच बायका. आपल्या प्रयोगामुळे त्यांनाही रोजगार मिळाला."

टाळ्या वाजल्या. रोजगार मिळाला म्हणून, खरोखर टाळ्या वाजल्या.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. व्यवस्थापकाने किल्ली मागितली तेव्हासुद्धा असं झालं नव्हतं. त्याने निदान काम काढून घेतलं होतं, केलेलं काम आपण केलं असं तो म्हणाला नव्हता. नणंदेच्या मांडीवरचं सूप कलंडलं, बी पायरीवर घरंगळलं, पण तिचे डोळे वहिनीकडे होते. वहिनी बोलणार हे तिला ठाऊक होतं.

बाईंनी बादल्या खाली ठेवल्या, पाणी सांडू न देता. पदराला हात पुसले. "सर, एक विचारू?"

सर चपापले. बाई घरात नाहीत असं त्यांना वाटलं असावं. पण लगेच सावरले. "विचारा ना मावशी."

"या तुमच्या सर्पाच्या खाली काय आहे?"

"खाली... जमीन."

"जमिनीच्या आणि पोत्याच्या मध्ये?"

"मध्ये सेंद्रिय थर असतो," सर लोकांकडे वळून म्हणाले. काहींनी ते वहीत टिपून घेतलं.

"थर कसला डोंबलाचा!" पायरीवरून नणंद ओरडली. "खंगर आहे! पाठीचा कणा मोडेस्तोवर आम्ही वाहिलेत!"

बाईंनी शेजारच्या अजगराचं टोक उचललं. खाली काळ्यालाल खंगरांची ओळ दिसली. मग त्यांनी भिंतीला टेकलेली पहार आणली आणि सरांच्या हातात दिली. "ही घ्या. तुमची जमीन आहे ना? एक खड्डा करून दाखवा लोकांना. वीतभर पुरे."

सर हसत म्हणाले, "वेळ कमी आहे, मावशी."

"वीतभर खड्ड्याला किती वेळ लागतो ते तुम्हाला ठाऊक असेलच."

पंचवीस माणसं बघत होती. सरांनी पहार उचलली आणि मारली. खण्णकन आवाज आला, पहार उसळली, त्यांच्या हाताला झिणझिण्या आल्या. पुन्हा मारली, पुन्हा खण्ण. जमिनीवर नखाएवढी पांढरी खूण उमटली.

गर्दीतून एक तरुण मुलगी पुढे आली. पाचवा-सहावा महिना असावा. दातांच्या दवाखान्यात काम करायची, असं नंतर कळलं. तिच्यामागे तिचा नवरा, छापखान्यात मशीन चालवणारा.

"मावशी, पहिल्या वर्षी किती पिकलं तुमचं?"

"दोन भोपळे. एक किडका."

"पण पुस्तिकेत तीन महिन्यांत स्वयंपूर्ण असं लिहिलंय."

"तीन महिन्यांत माझ्या हाताचे फोड गेले नव्हते, बाळा. मी ताडपत्र्या शिवल्या, वन्संनी दुसऱ्यांच्या घरी चूल सांभाळली, तेव्हा आम्ही जेवलो. अजूनही वर्षातले चार महिने तसंच करतो."

मुलीने नवऱ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा कागदासारखा झाला होता. "मी नोकरी सोडली," तो म्हणाला. "सरांच्या ओळखीच्या माणसाकडून डोंगरउताराची जमीन घेतोय. मागच्या शिबिरातच विसार दिलाय."

"कोणाकोणाला दाखवली ती जमीन?" बाईंनी विचारलं. तीन-चार हात वर झाले, मग आणखी दोन. दर शिबिराच्या दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणे जमिनी दाखवायला नेत.

आता बाईंना कळलं की ही चोरी नुसती आपल्या घरातली नाही. आपल्या घेवड्याचं, आपल्या कोंबड्यांचं चित्र दाखवून या पोरांच्या गळ्यात ओसाड उतार बांधले जात होते. हा माणूस बाईंचा हात पुढे करून दुसऱ्याचा खिसा कापत होता, आणि लोकांना हात तर बाईंचाच दिसत होता.

"मावशी जरा भावनिक झाल्यात," सर मोठ्याने म्हणाले. "कष्टाची माणसं, असं होतं. चला मंडळी, पुढच्या ठिकाणी जेवण तयार आहे."

जेवणाचं नाव निघालं की सत्य जरा बाजूला सरतं. वीसएक माणसं बसमध्ये चढली. काहींनी चढता चढता सर्पवाफ्यांचे फोटो घेतले. सहाजण मागे राहिले, त्यात ते जोडपं. बस गेल्यावर ती मुलगी पायरीवर बसली आणि सांडलेलं बी एकेक करून वेचायला लागली. नणंदेने तिला कोमट पाणी आणून दिलं.

दोन दिवसांनी सर एकटे आले. हातात मिठाईचा खोका आणि एक छापील कागद. त्यावर बाईंनी सही करायची होती, म्हणजे जागा शिबिराला वापरता येईल आणि बाईंना मानधन मिळेल. नणंदेने चष्मा लावून कागद मोठ्याने वाचला. तिसऱ्या ओळीत "सदर राखणदार" असं होतं. तिने चष्मा काढला आणि कागद परत दिला.

"मावशी, तुमचं गेलं काय?" सर म्हणाले. आवाज तोच, लोण्यासारखा. "ज्ञान दिल्याने वाढतं."

"दिल्याने वाढतं. तुम्ही नेलंत," बाई म्हणाल्या. "आणि नेलंत तेही निम्मं. आलेला घेवडा नेलात, मेलेली अठरा रोपं इथेच टाकून गेलात. अहो, त्या रोपांनी मला शिकवलं, घेवड्याने नाही. ज्याला नुसता घेवडा दाखवाल तो बुडेल."

"मी कुणाला बळजबरी करत नाही."

"मुंगूसही करत नाही. त्याला फट लागते. तुम्ही लोकांच्या थकव्यात फट शोधता." बाईंनी खोका त्यांच्या हातात परत ठेवला. "फाटक ओढून घ्या जाताना. कोंबड्या बाहेर जातात."

त्याच आठवड्यात बाई त्या जोडप्याबरोबर डोंगरउतार बघायला गेल्या. वर उभं राहिलं की दृश्य नामी. बाईंनी दृश्याकडे पाठ केली, एक खड्डा खणून घेतला आणि बरोबर आणलेली पाण्याची कॅन त्यात ओतली. पोरगा शंभर मोजेपर्यंत पाणी खडीतून गायब. खाली विहीर नाही, वर झरा नाही, वाटेत ओढा नाही.

"घेऊ नका," त्या म्हणाल्या.

"विसार परत मिळणार नाही म्हणतात," मुलगा म्हणाला.

"म्हणू देत."

दुसऱ्या दिवशी सकाळी जमीनवाल्याचं ऑफिस उघडलं, तेव्हा बाई दारात होत्या. आत गिऱ्हाइकांसाठी मऊ खुर्च्या होत्या. त्यातल्या मधल्या खुर्चीत बसून त्यांनी पिशवीतून पेंडीचं पोतं काढलं, सुतळी ओवली आणि शिवायला लागल्या. पोत्याची धूळ गालिच्यावर, काचेच्या टेबलावर, त्यावरच्या डोंगरांच्या फोटोंवर बसत राहिली. जमीनवाला म्हणाला, बाई, इथे काय काम? बाई म्हणाल्या, पोरांचा विसार घ्यायला आलेय, घाई नाही, भरपूर पोती आहेत. कुणी गिऱ्हाईक आलं की त्या मान वर करून विचारायच्या, "डोंगरउतार का? पाणी ओतून बघितलंत का?" आणि पुन्हा मान खाली घालून शिवायच्या. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. पोलिसांना बोलवेन, असं तो दोनदा म्हणाला. बोलवा, म्हणाल्या, मलाही त्यांच्याशी बोलायचंच आहे. ते ऐकून त्याने फोन खाली ठेवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने पाकीट आणून त्यांच्या मांडीवरच्या पोत्यावर टाकलं. सगळं नव्हतं, बराचसा भाग होता. बाकीच्यासाठी बाई आणखी बसल्या असत्या, पण त्या पोरीनेच हात जोडले. "पुरे, मावशी. आम्हाला एवढंही वाटलं नव्हतं."

बाईंना ते पुरे वाटलं नाही. परत येताना वाटभर त्या धुमसत होत्या. स्वतःचाच पैसा कापून परत मिळाला, तर माणसाने हात जोडायचे? वर त्या पोराला छापखान्यात परत घेतलं ते कमी पगारावर, आणि तेही रात्रपाळीला. या सगळ्यात सरांचं काय बिघडलं? काही नाही. त्यांची शिबिरं चालू होती, फक्त बस दुसऱ्या दिशेला जायची. त्यांचं चित्रण अजूनही मोबाइलवर दिसायचं. त्यात अजगर शिवणारे दोन हात दिसतात, बोटावर सुईचा जुना व्रण दिसतो, चेहरा मात्र कापलेला आणि आवाज सरांचा. पोरीने एकदा ते दाखवलं. बाईंनी पूर्ण बघितलं, मोबाइल परत दिला आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेल्या. दाणे टाकताना त्या मोठमोठ्याने बोलत होत्या. कोंबड्या ऐकून घेत होत्या.

"सोड गं आता," नणंद म्हणाली. "त्याच्या रागाने तुझंच रक्त आटतंय."

"का सोडू, वन्सं? मी सोडला तर धरणारं कोण आहे दुसरं? लोक म्हणतील, जाऊ दे, चालायचंच. याच 'चालायचंच'वर तर याची बस चालते."

नणंदेने मग भांडण दुसरीकडे नेलं, फाटकावर पाटी लावायची की नाही यावर. बाईंना मोठी हवी होती, सरांच्या नावानिशी. नणंद म्हणाली, त्याचं नाव आपल्या फाटकावर? रंग काय फुकट येतो? आठ दिवस वाद झाला. शेवटी एका जुन्या फळीवर नणंदेच्या अक्षरात लिहिलं गेलं: "इथे शिकायला या. हाताला काम पडेल. जमीन विकत नाही." खाली बाईंनी स्वतःच्या हाताने जोडलं: "आम्ही राखणदार नाही. मालकिणी आहोत."

ते जोडपं एक रविवार सोडून एक रविवार यायला लागलं, बाळ झाल्यावर बाळासकट. भाड्याच्या घराच्या गच्चीवर त्यांनी दोन छोटे अजगर पाळले होते, आणि त्यातला एक पाणी जास्त होऊन कुजला होता. मागे राहिलेल्या सहाजणांपैकी दोघं कधी फिरकलेच नाहीत. एकाने बाईंचा सल्ला न जुमानता उतारावरची जमीन घेतली आणि वर्षभराने विकायला काढली. विकतानाच्या जाहिरातीत त्याने "नयनरम्य दृश्य" असं लिहिलं होतं. ते कळल्यावर बाई दोन दिवस कोंबड्यांवर खेकसत होत्या.

मग एका गुरुवारी भर उन्हात एक अनोळखी बाई फाटकाशी येऊन उभी राहिली. चाळिशीची, खांद्याला कापडी पिशवी, बसस्टँडपासून चालत आल्याने चेहरा लालबुंद. म्हणाली, मी त्या रविवारी बसमध्ये होते. तुम्ही पहार दिलीत तेव्हा मी मागच्या रांगेत उभी होते आणि मग बाकीच्यांबरोबर जेवायला गेले. तिकडे घास उतरला नाही. तेव्हापासून यायचं होतं, तोंड दाखवायची लाज वाटत होती. माझ्याकडे बहिणीची थोडी पडीक जागा आहे आणि हाताशी फार काही नाही.

तिने वही उघडली, पेनचं टोपण काढलं. "सुरुवात कुठून करू, ते सांगाल?"

टाकेबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. जेवायला गेले म्हणाली, त्याचा राग आला होता. तोंडावर कबूल केलं, म्हणून थोडा उतरलाही होता. त्यांनी पायरीवरची टोपली उचलून जागा केली.

"बसा," त्या म्हणाल्या. "आधी काय काय मेलं ते सांगते."